लाल पान हटेना

१

भाजलेलं डुकराचं मांस ज्या कागदात बांधून मिळालं, त्या कागदावर निपने स्वतः रचलेलं गणित छापलेलं होतं.

त्रांगच्या बाजारात सकाळच्या गर्दीत मांसाच्या ठेल्यापुढे उभं राहून कुणी कागद वाचत बसत नाही. पण निपची सवयच तशी. दुधाच्या डब्यावरची तारीख दोनदा बघायची, गॅस बंद केल्यावर परत येऊन चाचपायचा, स्कूटरवर पुढे उभ्या केलेल्या लेकीच्या हेल्मेटचा पट्टा प्रत्येक सिग्नलला ओढून पाहायचा. नवरा म्हणायचा, तुझ्या नजरेतून मुंगी सुटायची नाही. मुंगी सुटली असती एक वेळ, पण हे गणित कसं सुटणार? गान्तांगच्या धक्क्यावरून दोन होड्या निघतात, एक भरतीला, दुसरी ओहोटीला. हे गणित दहावीच्या प्रवेशपरीक्षेसाठी होतं, आणि परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

"आ-पे, हा कागद कुठून आणलात?"

"अगं, मांस बघ की! कागदात काय ठेवलंय?" ठेलेवाला म्हातारा, ज्याला सगळे 'आ-पे', काका, म्हणत, सुरा परजत म्हणाला. "स्टेशनासमोरच्या झेरॉक्सवाल्याची रद्दी. तेल लागलं का हाताला? दुसरा देऊ?"

"दुसरा द्या. आणखी असतील तर तेही द्या."

"म्हणजे मांस नको, कागदच हवेत?" आ-पे खो खो हसला. "मास्तरणींचं काही खरं नाही बाबा!"

निप हसली नाही. तेलकट पानं तिने पिशवीत घातली. लेक मुक स्कूटरवरून आईला हाक मारत ओरडली, "मे, भूक!" तसा एक तुकडा तिच्या हातात दिला, आणि क्षणभर निप तिथेच थबकली. ती होती कंत्राटी शिक्षिका. याच महिन्यात कंत्राट पुढे चालू करायचं की नाही ते ठरणार होतं. अशा माणसाने वाईट बातमी घेऊन मुख्याध्यापिकेच्या दारात जाऊ नये, हे शाळेतल्या माळ्यालाही कळत होतं.

ती सरळ मुख्याध्यापिकेच्या दारात गेली.

२

मुख्याध्यापिका ओरापिन यांना सगळे 'ख्रू याय' म्हणत; ख्रू म्हणजे शिक्षक, ख्रू याय म्हणजे थोरल्या बाई. त्यांनी तेलकट पानं दोन बोटांनी उचलली, पाहिली, आणि उपमुख्याध्यापक ख्रू प्रासित यांना बोलावलं. प्रासित एके काळी कॉम्प्युटर शिकवत. बढती मिळाल्यापासून ते शिस्त शिकवत. तास-दीड तासात ते नोंदी तपासून परत आले, ते चेहरा लांब करूनच.

"शाळेच्या प्रश्नपेढीच्या साइटवरून ही पत्रिका काढलीय ती स्टाफरूममधून. आणि पासवर्ड वापरलाय," त्यांनी मान निपकडे वळवली, "ख्रू निप यांचा."

"मी काढलेली नाही."

"पासवर्ड तुमचाच ना? कुणाला दिला होतात?"

"कुणालाही नाही. माझ्या कॉम्प्युटरवर प्रश्नपेढी उघडायला गेलं की लाल पान येतं, ही जागा सुरक्षित नाही म्हणून. मी तिथून मागे फिरते. त्यामुळे हल्ली इंग्रजीच्या टीचर मारिसेलच्या लॅपटॉपवर काम करते."

"लाल पान?" प्रासित हसले. "अहो, त्या खटाऱ्यावर सगळं जग लाल दिसेल, पण प्रश्नपेढी तेवढी निमूट उघडते. उगाच सबबी नकोत. मात्र टीचरच्या लॅपटॉपचं तुम्ही बोललात ते बरं झालं."

निपला काहीतरी खटकलं. पण तेवढ्यात रागाने कान तापले, आणि खटकलेलं हातातून निसटलं.

ख्रू याय बाहेर फोन घ्यायला गेल्या तसे प्रासित खुर्ची पुढे ओढून गोड आवाजात म्हणाले, "हे बघा निप, तुम्ही इथल्याच. तुमच्या आईला मी ओळखतो. मारिसेल पडली परदेशी. आज आहे, उद्या मनिलाला. उद्या सकाळी ख्रू याय विचारतील तेव्हा एवढंच म्हणायचं की तिने तुमचा पासवर्ड पाहिला. मग तुमच्या कंत्राटाचं मी बघतो."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर लाल पान समोर असताना 'तरीही पुढे जा' दाबून शाळेचं दार उघडं टाकणारी बाई म्हणून तुम्ही जाल. घरी लहान मूल आहे. विचार करा."

निप उभी राहिली. "विचार झाला. मी खोटं बोलणार नाही."

दुपारी भोंग्यावरून सगळ्या शाळेने ख्रू प्रासित यांचा आवाज ऐकला: चौकशी पूर्ण होईपर्यंत टीचर मारिसेल यांचे तास बंद.

३

निपच्या हातात एक दुपार होती. ती स्टाफरूममध्ये आपल्या कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली. शाळेतला हा सर्वांत जुना. आतली बटणाएवढी बॅटरी कधीच मेली होती, त्यामुळे रात्री बंद केला की बिचारा दिवस-वार विसरायचा आणि सकाळी चालू करणाऱ्यालाच विचारायचा, आज तारीख कोणती?

सकाळी चालू करणारी म्हणजे ऑफिसातली पा सुमोन. वयाने एवढी मोठी की मुख्याध्यापिकाही तिला 'पा', मावशी, म्हणत.

"पा, या कॉम्प्युटरला वर्ष कोणतं सांगता?"

"सदुसष्ट," पा ठसक्यात म्हणाली. "का? बदललं का काय?"

बुद्धाच्या सनाने पंचवीसशे सदुसष्ट चालू होतं, त्यामुळे गावातला प्रत्येक माणूस सदुसष्टच लिहायचा. पण कॉम्प्युटर इसवी सनाने चालतो. त्याने सदुसष्ट ऐकलं की तो निमूट दोन हजार सदुसष्ट सालात जाऊन बसायचा. मग सगळ्या साइट्सच्या ओळखपत्रांची मुदत त्याला कधीच संपलेली दिसायची, आणि लाल पानांची रांग लागायची. निप रोज आल्या आल्या सदुसष्ट खोडून इसवी सनाचं चोवीस करायची. स्टाफरूमला तेवढीच करमणूक. "आली बाई, आपल्याला म्हातारपणातून परत आणायला!" असा पुकारा व्हायचा.

"पा, तुम्हाला मी किती वेळा सांगितलं, चोवीस घाला म्हणून."

"मी जन्मात खोटं वर्ष सांगितलं नाही आणि सांगणार नाही. त्याला कळत नसेल तर त्याचा दोष." पा खुर्चीत टेकली. "आणि मला वेळ असतो का? हे चालू केले की धावायचं ख्रू प्रासितांची कोपी आणायला. इतकी वर्षं घरून कॉफी पिऊन येत होते. आता म्हणे, पा, लांबच्या वांग्या चौकातलीच हवी. माझे गुडघे गेले त्या कोपीपायी."

"कधीपासून?"

"झाले थोडे आठवडे. आणि मी घेऊन येईपर्यंत पिशवीतला बर्फ पाणी. तरी पितात. जीभ आहे का लाकूड!"

कॉम्प्युटर शिकवणारा वीरायुत निपहून लहान, तिला 'पी', ताई, म्हणायचा. तो अंग चोरून बसला होता.

"पी, देवाशपथ, मी काही केलेलं नाही."

"तू केलंस असं म्हटलं का मी? एवढंच सांग. वर्ष चोवीस केल्यावर बाकीची लाल पानं जातात. प्रश्नपेढीचं जात नाही. मी तुला सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस, आणि मी म्हटलं होतं की ब्राउझर जुनं लक्षात ठेवतो, साठवलेलं पुसून टाक."

"पुसलं. गेलं नाही."

वीरायुत ओशाळला. "मला वाटलं, खटारा आहे, रडतोय. परीक्षेनंतर बघू. पी, खरं सांगू का, या शाळेत लाल पानाला कोण विचारतं? सगळे पुढे जा दाबतात आणि पुढे जातात."

"मी नाही दाबत."

"ते माहीत आहे सगळ्यांना. म्हणून तर हसतात."

निप मारिसेलच्या खोलीवर गेली. मारिसेल पुस्तकं खोक्यात भरत होती. खिडकीत वाळत घातलेला गणवेश तसाच होता.

"तू मला भेटायला यायला नको होतंस," मारिसेल म्हणाली. "तुझं नाव माझ्याबरोबर जोडतील."

"आधीच जोडलंय. खोकं रिकामं कर आधी."

"निप, ही शाळा गेली की माझा इथे राहायचा परवाना गेला. मी भांडून काय होणार?"

"तू भांडू नकोस. मी भांडते. तू फक्त आठव, तुझ्या लॅपटॉपवर प्रश्नपेढी उघडताना कधी लाल पान आलं?"

"कधीच नाही."

म्हणजे प्रश्नपेढी ठणठणीत होती. आजार फक्त निपच्या कॉम्प्युटरला. मग ख्रू प्रासित असं का म्हणाले की सगळं जग लाल, पण प्रश्नपेढी तेवढी निमूट? निप जिन्यात थांबली. सकाळचं खटकलेलं आता हाती लागलं. हे तर नेमकं उलटं होतं!

४

दुसऱ्या दिवशी निप शाळेत आली तेव्हा झाडलोट चालू होती. मुक झोपेतच होती, तिला आजीकडे सोडताना निपने दोनदा कपाळाला हात लावून पाहिलं. ताप नव्हता. मागच्या पंधरवड्यात होता, तेव्हा दवाखान्यातून शाळेत यायला उशीर झाला होता आणि...

ती स्टाफरूमच्या दारात थबकली. आणि त्या दिवशी घाईत वर्ष बदलायचं राहून गेलं होतं.

पा सुमोनने नुकताच कॉम्प्युटर चालू केला होता. पडद्याच्या कोपऱ्यात दोन हजार सदुसष्ट. निपने आज हात आवरला, वर्ष तसंच ठेवलं. बातम्यांची साइट उघडली, लाल पान. हवामानाची, लाल पान. मग प्रश्नपेढी.

पान निमूट उघडलं. कोपऱ्यात इवलंसं कुलूप, पासवर्डची रिकामी चौकट. कसली तक्रार नाही, काही नाही.

 तापाच्या त्या दिवशीही ते असंच उघडलं होतं, आणि तिला वाटलं होतं, चला, वीरायुतने दुरुस्त केलं वाटतं. तिने निर्धास्त पासवर्ड घातला होता.

आता तिने वर्ष चोवीस केलं. बातम्या उघडल्या, हवामान उघडलं, आणि प्रश्नपेढीवर लाल पान येऊन ठाकलं. नेहमी ती इथूनच मागे फिरायची. आज तिने 'ओळखपत्र पाहा' दाबलं. प्रत्येक साइटच्या ओळखपत्रावर ते कधीपासून चालू आणि कधीपर्यंत, हे लिहिलेलं असतं.

कधीपासून चालू, त्यापुढे साल होतं दोन हजार सदुसष्ट.

"पा," निप हळूच म्हणाली, "आज कोपी आणायला जाऊ नका. आधी ख्रू यायना बोलावून आणा."

"आणि ख्रू प्रासित विचारतील तर?"

"सांगा, निप खोटं वर्ष घालणार नाही म्हणते."

५

ख्रू याय आल्या, मागोमाग प्रासित. वीरायुत आला. मारिसेलला निपनेच बोलावून घेतलं होतं. ती दाराशी उभी राहिली.

"हे काय चाललंय?" प्रासितांनी विचारलं. "झेंड्याची वेळ होत आलीय."

"तेवढा वेळ पुरतो," निप म्हणाली.  "ख्रू याय, हे पाहा. वर्ष बरोबर असलं की प्रश्नपेढी लाल. वर्ष सदुसष्ट केलं की सगळं जग लाल आणि प्रश्नपेढी निमूट. का? तर आपल्या खऱ्या पानापुढे कुणीतरी हुबेहूब खोटं पान उभं केलंय, पासवर्ड पकडायला. त्याचं ओळखपत्रही खोटं, आणि ते बनलंय दोन हजार सदुसष्ट सालात. ते साल अजून जगात आलेलंच नाही. ते फक्त या कॉम्प्युटरमध्ये येतं, पा सुमोनने चालू केल्यापासून मी वर्ष बदलेपर्यंत. म्हणजे ते खोटं ओळखपत्र इथेच, याच खुर्चीत बसून, सकाळच्या तेवढ्याच वेळात बनवलं."

वीरायुतने वाकून पडदा पाहिला आणि कपाळावर हात मारून घेतला. "बरोबर आहे! आज चोवीस साल घातलं की ब्राउझर म्हणतो, हे अजून जन्मलेलंच नाही. पी, मी गाढव आहे."

"मग गाढवानेच केलं असेल," प्रासित म्हणाले. "कॉम्प्युटर त्यालाच कळतात. नाहीतर या टीचरला."

"मी रोज निपला चिडवते," मारिसेल दारातून म्हणाली. "आली म्हातारपणातून परत आणायला, ते मीच म्हणते."

"तेच तर," निप म्हणाली. "मी वर्ष बदलते हे या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत आहे. ज्याला माहीत आहे तो असला सापळा लावणार नाही, कारण मी चोवीस घातल्याबरोबर तो बोंबलणार. सापळा लावणाऱ्याने हा कॉम्प्युटर फक्त सदुसष्ट साली पाहिलाय. खोटं पान निमूट उघडलं, त्याला वाटलं झालं काम. पुढे मी येते आणि काय करते, हे त्याने कधी पाहिलंच नाही, कारण तो इथे बसत नाही. झेंड्याआधी फेरी मारतो आणि आपल्या खोलीत जातो."

"पुरे!" प्रासित गरजले. "पा इथे रोज सकाळी असते. तिला विचारा!"

"मला?" पा सुमोन कमरेवर हात ठेवून पुढे आली. "मला पासवर्डच नाही. आणि मी असते कुठे? तुमची कोपी आणायला वांग्या चौकात! बर्फ विरघळलेली!"

ख्रू याय यांनी सावकाश मान प्रासितांकडे वळवली.

"काल तुमच्यासमोर," निप त्यांना म्हणाली, "ख्रू प्रासित म्हणाले की या खटाऱ्यावर सगळं जग लाल, पण प्रश्नपेढी निमूट उघडते. वीरायुतला विचारा, त्याने तसं कधी पाहिलं?"

"कधीच नाही. मी लालच पाहिलं."

"मी एकदा पाहिलं, आणि कुणालाही सांगितलं नाही. मग त्यांना कुणी सांगितलं?"

 प्रासितांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला.

"मी सुरक्षेची चाचणी घेत होतो," ते म्हणाले. "शिक्षक किती निष्काळजी आहेत ते पाहायला."

"मग काल का नाही सांगितलंत?" ख्रू याय यांनी विचारलं. "आणि चाचणीची पत्रिका स्टेशनासमोर कशी पोचली? त्या झेरॉक्सच्या वरच्या मजल्यावर तुमच्या बहिणीची शिकवणी आहे ना?"

प्रासितांनी रुमाल पुन्हा काढून कपाळ पुसलं. तेवढ्यात घंटा झाली. मुलं मैदानात जमू लागली होती.

६

ख्रू याय निपला बाजूला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"नवी पत्रिका काढू. प्रासित आजपासून रजेवर जातील, पुढचं वरच्या ऑफिसकडे. तुमच्या कंत्राटावर आजच सही करते." त्यांनी आवाज उतरवला. "पण हे इथेच राहील. पालक, गाव, शाळेची अब्रू. समजून घ्या."

"आणि टीचर मारिसेल?"

"त्यांचे तास परत देऊ. गाजावाजा न करता."

"काल भोंग्यावरून गाजावाजा झाला, ख्रू याय. लहान मुलांनीसुद्धा ऐकलं. आज भोंग्यावरूनच खुलासा व्हायला हवा."

"निप, तुमची लेक लहान आहे. नोकरी लागते तुम्हाला."

"लागते," निप म्हणाली.  "लेक लहान आहे म्हणूनच म्हणते. उद्या ती याच मैदानात उभी राहणार. इथे लाल पान आलं की डोळे मिटून पुढे जायचं, हे तिला मी शिकवणार नाही. सही करायची की नाही ते तुम्ही ठरवा."

राष्ट्रगीत सुरू झालं. दोघी जिथे होत्या तिथेच ताठ उभ्या राहिल्या. झेंडा वर गेला, प्रार्थना झाली, मुलं मांडी घालून बसली. रोज या वेळी ख्रू प्रासित सूचना द्यायचे. आज माइकमागे कुणी नव्हतं.

निप चालत गेली आणि तिने माइक हातात घेतला. शेजारच्या टेबलाशी वीरायुत भोंग्याच्या यंत्रापाशी बसला होता. व्हरांड्यातून ख्रू याय यांनी त्याला हाताने खूण केली, बंद कर. त्याने ती पाहिली. बटणावर बोटं ठेवली, आणि आवाज वाढवला.

"टीचर मारिसेल यांनी काहीही चोरलेलं नाही," निपचा आवाज मैदानावरून रस्त्यापलीकडच्या रबराच्या झाडांपर्यंत गेला. "काल तुम्हाला चुकीचं सांगितलं गेलं. त्यांच्यावरचा आळ खोटा होता, आणि तो घ्यायला ज्यांनी मला सांगितलं, त्यांचं नाव विचारलंत तर मी तेही सांगेन."

आधी मागच्या रांगेतल्या मोठ्या मुली उठल्या, मग मधल्या. इंग्रजीच्या वर्गातली चिल्लीपिल्ली 'टीचर! टीचर!' म्हणून ओरडू लागली. स्टाफरूमच्या दारातली मारिसेल दोन्ही हातांनी तोंड झाकून उभी होती. निप माइक परत खांबाला अडकवू लागली, तो दोनदा निसटला.

ख्रू याय संथ चालत आल्या. आता काय ते आताच, असं म्हणून निपने त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला. त्यांनी तिच्या हातून माइक काढून घेतला, स्वतः खांबाला अडकवला, आणि मुलांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"ख्रू निप, पहिला तास तुमचा आहे. वर्गात उशीर चालायचा नाही. आज नाही, आणि पुढच्या वर्षीही नाही."